देवाची स्तुती शांत बसून नाही, दणक्यात!

काल बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं (देवाच्या स्तुतिगीतांचं पुस्तक) 150वं स्तोत्र परत वाचलं, अंगावर काटाच आला. फक्त 6 वचनं, पण त्यात शिंग, वीणा, डफ, नाच, बासरी सगळं येतं आणि झांजा तर दोनदा, त्याही दणदणीत वाजणाऱ्या! दावीद राजा कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) यरुशलेमला आणताना सगळा जोर लावून नाचला, बायको मीखलला ते अजिबात आवडलं नाही पण तो म्हणाला मी परमेश्वरासमोरच नाचलो, मला हा राजा त्या क्षणी सगळ्यात जास्त आवडतो. नंतर त्याचा मुलगा शलमोन याच्या मंदिरात 120 याजक एकदम कर्णे फुंकतात, बरोबर लेवी वंशातले गायक, झांजा, वीणा... आणि यरुशलेमची तटबंदी परत बांधणाऱ्या नहेम्याच्या वेळी तिच्या समर्पणाला बायका-पोरांसकट सगळ्यांचा आनंद पार लांबपर्यंत ऐकू गेला!