पेटली, पण का?

आमच्या कॅम्परमधली, म्हणजे चाकांवरच्या घरातली, गॅसवर हवा तापवणारी फर्नेस पेटली. सकाळपासून अगदी शहाण्यासारखी चालू आहे. थर्मोस्टॅट ६२ फॅरनहाइटवर ठेवलाय. ब्लोअर घुमतो, थोड्या वेळात गरम हवा येते, बंद होतो, परत घुमतो. खरं तर आनंद व्हायला हवा. मी मात्र दिवसभर करवादलेला आहे. आभाला फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, पेटली ना? मग झालं तर!"

काय झालं? काहीच नाही झालं.

काल रात्री इथे अमेरिकेतल्या युटामध्ये, ब्राइस कॅन्यनला बाहेर २४ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे चारच्या आसपास. आठ हजार फुटांवरची ऑक्टोबरची रात्र. या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही, रात्री जनरेटर लावायचा नाही, त्यामुळे जे काय ते बॅटरीच्या जिवावर. अशा वेळी मी कॅम्परच्या फरशीवर पालथा, दातांत टॉर्च, डोकं कपाटाखाली. या वयात माणसं काय करतात? अण्णा पुण्यात गॅलरीत ऊन खात पेपर वाचतात. कुलकर्णी फ्लोरिडाला जातात. मला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. उलट सगळ्यांनी नकोच म्हणून सांगितलं होतं, तेही जरा जास्तच समजुतीच्या सुरात.

तशी ही फर्नेस सरळमार्गी आहे. थर्मोस्टॅटने हाक दिली की आधी ब्लोअर फिरतो. त्याच्या वाऱ्याने पत्र्याची एक पातळ पट्टी ढकलली जाते, तो 'सेल' (शिडासारखा) स्विच. तो लागला तरच फर्नेसच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळतं की वारा पुरेसा आहे. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणग्या पडायला लागतात. टकटकटक. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही की बोर्ड गॅस तोडतो. असं तीनदा करतो आणि मग जो रुसून बसतो, तो थर्मोस्टॅट बंद करून परत लावेपर्यंत. प्रत्येक पायरीला कारण आहे. १९९४ची ही गाडी मी ठेवलीय ती याचसाठी. काय बिघडलंय ते हिच्यात कानाने कळतं.

काल मात्र कानाला जे कळत होतं त्याचा मेळ बसेना. कधी ब्लोअर नुसताच फिरायचा, टकटक नाहीच. म्हणजे बॅटरी उतरलीय, वारा कमी पडतोय, स्विच लागत नाहीये. पण मध्येच टकटक व्हायची, म्हणजे स्विच लागला, आणि तरी ज्योत नाही. शेगडी पेटवून पाहिली, निळी आणि ताठ. हिला शाल गुंडाळून बाहेर पाठवलं, फर्नेसच्या धुराड्याशी वास घ्यायला. आतून ओरडलो, "येतोय का?" ती म्हणाली, "येतोय, सडक्या कोबीसारखा. आता आत येऊ का?" म्हणजे गॅस पोचत होता.

तेवढ्यात अण्णांचा फोन. त्यांचं ठाम मत, गॅस गोठला असणार, लेहला त्यांचा गोठला होता. अहो अण्णा, तिकडच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनही असतो, तो शून्याच्या आसपासच वायू व्हायला कुरकुरतो. इथे प्रोपेन आहे, तो उणे ४२ पर्यंत उकळत असतो. पण अण्णांना समजावण्यापेक्षा फर्नेस सोपी.

शेवटी दोन गोधड्या आणि स्वेटर. ही बराच वेळ जागी होती. मी काही विचारलं नाही.

सकाळी ऊन आल्यावर बाहेरचं झाकण काढलं. धुराड्याच्या नळीत कुंभारीण माशीचं घर, चिखलाचा चांगला अंगठ्याएवढा गोळा, वाळून खडंग. फोडला तर आतून सुकलेल्या कोळ्यांचे पाय तळहातावर सांडले. तिच्या पिल्लांची शिदोरी, बहुधा कुणी न खाल्लेली. नळी अशी बुजलेली असताना आत माणसं झोपलेली, म्हणून आधी कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो ओरडतो ना ते पाहिलं. मग ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड काढला. टोकावर पांढरट थर होता, तो पॉलिश पेपरने घासला, फट एक अष्टमांश इंच केली. अर्थिंगची वायर सोडवून घट्ट केली. बोर्डाच्या कडेचे पितळी दात खोडरबरने पुसले (हसू नका, जुन्या कॅम्परवाल्यांचा हा ठरलेला उपाय आहे). सिलिंडर बंद करून पुन्हा उघडला, अगदी सावकाश, कारण झटकन उघडला की आतली सुरक्षेची झडप गॅस अडवून धरते. तोवर सोलर पॅनेलने बॅटरीही भरत आणली होती.

थर्मोस्टॅट लावला. वारा, टकटक, आणि भुस्स करून पेटली.

ही टाळ्या वाजवून चहा टाकायला गेली. मी तिथेच उकिडवा बसून विचार करतोय, यातलं नक्की कोण? चिखल, थर, वायर, दात, झडप की बॅटरी? उंचीवरच्या विरळ हवेला तेवढं मी निर्दोष सोडलं, कारण सकाळीही ती तेवढीच विरळ होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की तपासायची, हे मी नोकरीत पोरांना मरेस्तोवर घोकायला लावलं. पण बायको गारठून तांबडी-निळी झालेली असताना शास्त्रशुद्ध पद्धत चालत नाही. मी सगळं एकदम केलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करीन. तरी आत काहीतरी टोचतंय. जे का सुटलं ते माहीत नाही, ते पुन्हा कधी धरेल तेही माहीत नसतं. एवढं आभाला का कळू नये? चांगली शिकलेली मुलगी आहे.

एप्रिलमध्ये हिचा ताप असाच गेला. इतके दिवस येत होता, मग येईनासा झाला. सगळ्या तपासण्या चांगल्या. डॉक्टर म्हणाले, गेला ना आता. हो, गेला.

असो.

दुपारी मनात आलं की बॅटरी भरलेलीच आहे, तर एकेक गोष्ट उलटी करून बघावी. वायर थोडी सैल करायची. तो चिखलाचा गोळा अजून पायरीवर पडलाय, तो... इथवर मी हे मोठ्याने बोललो असणार, कारण ही चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही पेटलेली फर्नेस विझवून ती का पेटली ते बघणार? बघा हो बघा. मी तोवर पलीकडच्या तंबूतल्या बाईकडे जाऊन बसते, तिच्याकडे शेकोटी आहे." आणि खरंच चप्पल घालायला लागली. मग मलाच हसू फुटलं. चिखल परत कोंबायला निघालेला मी बहुधा या कॅन्यनमधला पहिलाच माणूस.

आता रात्रीचे नऊ. बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवतेय. ब्लोअर सुरू झाला की मी लिहायचा थांबतो, टकटक ऐकतो, भुस्स झालं की पुढची ओळ. ही म्हणते, झोपा, ती तुमच्या लक्ष देण्यावर पेटत नाही. तेही सिद्ध व्हायचंय. गोधड्या पायथ्याशीच ठेवल्यात, आणि उद्या पँग्विचला सामान आणायला जाऊ तेव्हा नवीन इलेक्ट्रोड मिळतो का बघेन. चालत्याला कशाला, असं ही म्हणालीच. नुसतं बघतो म्हटलं.