वाईट दिवसाच्या मापाचं खुराडं: मार्च ते जुलैची नोंद

नवं खुराडं मार्चच्या सुरुवातीला उभं राहिलं. त्याने नागपूरचा अख्खा उन्हाळा काढला, नवतपा काढला आणि आता पावसाचे चांगले झोडपे खाऊनही ते कोरडं आहे. म्हणून आता त्याबद्दल भरवशाने लिहिता येतंय. ज्यांचे गुडघे, कंबर किंवा हात दुखतात आणि तरीही कोंबड्या सोडवत नाहीत, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आधी माझी परिस्थिती. वय ६७. आमवात आहे, बोटांत आणि मनगटांत जास्त, उजवा गुडघाही धरलेला. मनीषनगरच्या पलीकडे जुनं घर, मागे आंब्याखाली जेमतेम अंगण. त्यात ग्रामप्रिया कोंबड्या आणि एक म्हातारी गावठी, रखमी. कोंबडा ठेवलेला नाही. अंड्यांना कोंबडा लागत नाही, आणि शेजाऱ्यांची पहाटेची झोप मोडणं मला पटत नाही. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी काढलेली जात. वनराजाही तिथलीच, पण अंगाने भारी, आणि दुखऱ्या मनगटाला पक्ष्याचं वजन लगेच कळतं. कडकनाथ मला फार आवडतो, पण तो उडतो. भिंतीवर चढलेला पक्षी उतरवणं आता माझ्याच्याने होत नाही.

हे खुराडं बांधताना एकच गोष्ट धरून चालले. चांगल्या दिवशी माणूस काहीही करतो. वाकून झाडतो, बादली उचलतो, कोंबडीमागे धावतो. पण आज आपला दिवस कसा आहे हे कोंबडीला माहीत नसतं, तिला पाणी रोज लागतं. म्हणून रोजचं प्रत्येक काम सगळ्यात वाईट दिवशी जमेल असं असलं पाहिजे. जे तसं जमणार नाही, ते एक तर रोजचं ठेवायचं नाही, नाही तर त्याची रचना बदलायची.

आमवातात सगळ्यात अवघड असते सकाळ. उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. आणि कोंबड्यांना नेमकं उजाडलं की बाहेर यायचं असतं. दार उघडायला उशीर झाला की आत गर्दीत एकमेकींना टोचणं सुरू होतं. म्हणून दार वरून खाली सरकणारं केलं, हलक्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. त्याची दोरी कप्पीवरून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत आणली. दोरीच्या टोकाला मोठा फास ठेवलाय. त्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि अंगाचा भार मागे टाकायचा. बोटांचं कामच नाही. फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलेला नियम हाच: लहान सांध्यांचं काम मोठ्या सांध्यांकडे द्या. दाराबाहेर जाळीचं बंद अंगण आहे, त्यामुळे मी सावकाश चहा घेऊन, हात गरम पाण्यात धरून खाली उतरेपर्यंत त्या सुरक्षित उकरत असतात.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. कोंबड्यांची म्हणून मिळते ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे मुंगूस आहे, बोका आहे, धामणही दिसते. वरूनही जाळी हवीच. जानेवारी २०२५ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याचं निष्पन्न झालं, तेव्हापासून कावळ्यांना दाण्यापाण्याजवळ येऊच द्यायचं नाही हे मी पक्कं केलंय. माझ्या आमवाताची गोळी प्रतिकारशक्ती दाबणारी आहे, त्यामुळे हे मला जास्त पाळावं लागतं. वाळलेल्या विष्ठेची धूळ उडत असताना मास्क आणि हातमोजे, नंतर साबणाने हात, आणि अंडं पूर्ण शिजवूनच खायचं. तुम्हीही अशी गोळी घेत असाल तर घरी कोंबड्या आहेत हे तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

खुराड्याची जमीन अडीच फूट उंच आहे. वेल्डरकडून अँगलचा सांगाडा, वर टिना, टिनांवर धानाच्या तनसाचा जाड थर. सांगाड्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. सगळं कमरेच्या उंचीवर आल्यामुळे वाकणं संपलं. कडीकोयंडे मी लावलेच नाहीत, चिमटीत धरायची कुठलीही वस्तू नको होती. त्याऐवजी दोन खाचांत बसणारा लाकडी आडणा आहे, तो मनगटाखालून उचलला की निघतो.

आत भुसा धानाच्या तुसाचा, चांगला अर्धा फूट. तो हलवायला लागतो, नाही तर गच्च बसतो आणि अमोनियाचा वास सुटतो. माझ्या हातांनी दाताळं चालत नाही. म्हणून संध्याकाळी मूठभर ज्वारीची कणी त्यात फेकते. कोंबड्या ती शोधत सगळा भुसा उलटापालटा करतात, अगदी कोपऱ्यापर्यंत. पावसाळ्यात रोज फेकते, कारण ओल्या भुशात रक्ती हगवणीचे जंतू फार लवकर वाढतात.

आता पाणी, आणि यावर मला जरा बोलायचंच आहे. छतावरच्या टाकीतून पाइप आणून त्याला निपल, म्हणजे चोच लावली की पाणी देणाऱ्या तोट्या, लावल्या की पाणी भरायचं काम संपतं, हे सगळे सांगतात. नागपुरात मे महिन्यात ते चालत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की टाकीतल्या पाण्याने हात भाजतो. कोंबडी असलं पाणी पीत नाही, पाणी प्यायली नाही की दाणा सोडते, आणि अंडी थांबतात. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं आणि थंडीत त्याच्या दुप्पट पाणी. उन्हाळ्यात तेच तिप्पट-चौपट होतं. मी मध्ये एक जुना रांजण घातला. आंब्याच्या सावलीत विटांच्या चौथऱ्यावर तो बसवला, भोवती ओलं बारदान. टाकीतून येणारं पाणी बॉलकॉकने रात्रीच त्यात भरून निवतं, आणि निपलची नळी रांजणातून निघते. नळीलाही बारदान गुंडाळलंय. दिवसभरात मला फक्त बारदानावर नळ धरायचा असतो, आणि तेही खुर्चीत बसून.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, तुऱ्यातून उष्णता सोडते, पंख अंगापासून दूर धरते. धापा टाकताना शरीरातला कार्बन डाय-ऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, आणि अंड्याचं कवच त्यापासूनच बनत असल्यामुळे ते पातळ येतं. म्हणजे मे महिन्यात कवच कागदासारखं आलं तर नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवून भागत नाही, आधी धाप कमी करायला हवी. मी खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावरच ठेवलं, कारण पचनाचीही उष्णता होते आणि ती भर दुपारी नको. पहाटेचं खाद्य रात्रीच डब्यात भरून ठेवते. दोरीने दार उघडलं की झाकणही त्याच दोरीने उठतं. दुपारी तट्ट्यांवर पाणी मारलं. या उन्हाळ्यात एकही पक्षी गेला नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

खाद्याचं लवकर सांगते. चुंगडी, म्हणजे अख्खं पोतं, घरी आणायचीच नाही. दुकानदाराकडून पाच-पाच किलोच्या पिशव्या करून घ्यायच्या. आपल्याकडे सरकीची ढेप गल्लोगल्ली मिळते, पण गाईची ढेप कोंबडीला घालू नका. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-काळपट होतो.

जूनच्या मध्याला हवा कोंदट झाली आणि माझ्या दुखण्याने उचल खाल्ली. दोन्ही मनगटं सुजली, पेला उचलेना. खरी परीक्षा तीच होती. दार उघडलं गेलं, पाणी आपोआप आलं, अंडी उताराने बाहेरच्या खणात आली. साफसफाई राहिली, पण भुसा जाड असल्यामुळे काही बिघडलं नाही. अडलं ते रखमीपाशी. ती लंगडत होती. शेजारची पोट्टी रोज अंडी न्यायला येते, तिच्या आधी लक्षात आलं. म्हणाली, "आजी, रखमी एक पाय उचलूनच उभी राहते न."

दिवसा कोंबडी पकडायला धावाधाव लागते. अंधारात तिला नीट दिसत नाही, दांडीवर बसलेली कोंबडी निमूटपणे हातात येते. रात्री टॉर्चवर लाल कागद लावून गेले. पकड अशी: डावा हात कोपरापासून आडवा तिच्या छातीखाली सरकवायचा, तिचं तोंड आपल्या पाठीकडे, आणि पंख आपल्या कुशीत दाबून धरायचे. बोटं लागतच नाहीत, सगळं वजन कोपराखालच्या हातावर येतं. पोट्टीने उजेड धरला. उजव्या तळव्याच्या मधोमध काळी खपली आणि भोवती गरम सूज होती. उंच दांडीवरून टणक जागी उडी मारून तळव्याला इजा होते, त्यातून जंतू शिरतात. रखमी म्हातारी आणि जड, तिच्या बाबतीत हे व्हायची शक्यता जास्तच. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून आणली. खपली मऊ करायला कोमट मिठाचं पाणी, वर औषध आणि पट्टी. रोजची पट्टी मला सुटत नव्हती, म्हणून बरं वाटलं त्या दुपारी चिकटणाऱ्या पट्टीचे तुकडे कापून, टोक दुमडून डब्यात ठेवले. दुमडलेलं टोक तळहाताने ओढता येतं. दांडी फूटभर उंचीवर आणली, खाली फळीची उतरण लावली. आता ती दोन्ही पायांवर चालते. अंडं ती कधीतरीच देते, पण ती इथेच राहणार.

दिवाळीआधी काही नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणायच्या आहेत. एका दिवसाची पिल्लं आणणार नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, म्हणजे रात्री उठून बघणं आलं. दोन-अडीच महिन्यांच्या, राणीखेत रोगाची लस टोचलेल्या तलंगाच घेईन. पुढच्या लासोटाच्या, म्हणजे राणीखेतच्याच पाण्यातून द्यायच्या लसीच्या वेळी, ती पाण्यात मिसळायचं काम पोट्टीच्या वडिलांकडे दिलंय, कारण ही लस जिवंत विषाणूची असते आणि तिने माणसाचे डोळे येऊ शकतात. महापालिकेच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लस मारतं, तेव्हा विहिरीचं पाणी आणि त्यात थोडी दुधाची भुकटी.

एक विचारायचं आहे. अंड्यांच्या खणाचा उतार मी फुटाला एक इंच ठेवलाय. मोठी अंडी नीट येतात, पण तलंगांची सुरुवातीची लहान अंडी मध्येच अडतील असं वाटतंय. ज्यांच्याकडे असा खण आहे त्यांनी उतार किती ठेवला आणि खाली रबर टाकलंय की कृत्रिम गवत, ते सांगा. सुतार पुढच्या आठवड्यात येतोय.