यादीत नाव लागेपर्यंत

मुलीच्या बाळंतपणासाठी मी २०२० च्या जानेवारीत लंडनला गेले, तेव्हा परतीचे तिकीट २६ मार्चचे काढलेले होते. मुलगी राहते ते हाउन्स्लो हीथ्रो विमानतळाला अगदी लागून आहे. विमाने तिच्या घरावरून इतक्या खालून उतरतात की शेपटावरचे चिन्हसुद्धा ओळखता येते, आणि दिवसा दर दीड-दोन मिनिटांनी त्यांचा आवाज येतो. पहिले आठ दिवस त्या आवाजाने झोप लागली नाही. एप्रिलमध्ये तोच आवाज जवळजवळ बंद झाला आणि मग त्या शांततेने झोप लागेनाशी झाली.

कोरोनाच्या साथीमुळे भारताने व्हिसा स्थगित केले १३ मार्चला. ते परदेशी नागरिकांसाठी आहे, आपल्याला काय त्याचे, असे आम्ही समजत होतो. १६ तारखेला सूचना निघाली की ब्रिटन, युरोपीय संघ आणि तुर्कस्तान येथून कोणत्याही विमान कंपनीने १८ मार्चच्या दुपारनंतर भारताकडे प्रवासी घ्यायचाच नाही. यात भारतीय पासपोर्ट असलेले आम्हीही आलो. म्हणजे आमच्या हातात दोन दिवस होते, आणि नात तेव्हा अवघी अकरा दिवसांची होती. जावयाने रात्रभर बसून तिकीट शोधले, पण मिळाले नाही. २२ मार्चपासून सगळीच आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली आणि २५ पासून देश बंद झाला. साथ रोखण्यासाठी दारे लावावी लागली, हे मला तेव्हाही मान्य होते आणि आजही आहे. परंतु स्वतःच्या माणसांना घरी पोहोचायला दोन दिवस पुरत नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

गोरेगावला हे एकटे होते. मी रक्तदाबाच्या गोळ्या एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरतील इतक्याच नेल्या होत्या. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला तिथे औषध सहज मिळत नाही. खासगी डॉक्टरांशी फोनवर बोलून, त्यांची फी भरून, वेगळ्या नावाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. माझे मूळ तिकीट ज्या कंपनीचे होते, तिने पैसे परत न करता वर्षभरात वापरायचे व्हाउचर पाठवले.

भारतीय उच्चायुक्तालयाच्या संकेतस्थळावर मी नाव नोंदवले आणि वाट पाहणे सुरू झाले. ५ मे रोजी परदेशात अडकलेल्या भारतीयांना विमानाने परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेची घोषणा झाली. ७ मे रोजी अबुधाबीहून कोची आणि दुबईहून कोझिकोड अशी पहिली दोन विमाने आली. पहिल्या टप्प्यात १२ देशांतून ६४ विमाने येणार होती आणि त्यांतून सुमारे १४,८०० माणसे परतणार होती. लंडनहून मुंबईला पहिले विमान १० मे रोजी पहाटे उतरले. त्यात ३२६ जण होते आणि मी नव्हते. काम गेलेले मजूर, व्हिसा संपलेले, आजारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध, घरात मृत्यू झालेले आणि विद्यार्थी यांना प्राधान्य होते. त्या रात्री मला वाईट वाटले. पण ज्याचे वडील गेले आहेत त्याच्या आधी माझे नाव लागावे, असे मनात आणण्याचीही लाज वाटली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात फोन आला. भाडे पन्नास हजार रुपये होते आणि ते लगेच भरायचे होते. हीथ्रोचे दोनच टर्मिनल तेव्हा सुरू होते आणि टर्मिनल दोनमधली बहुतेक दुकाने बंद होती. एअर इंडियाची रांग तेवढी लांबवर पसरलेली होती. माझ्यापुढे एक पुण्याचे जोडपे होते. दोघांचे पासपोर्ट भारतीय, मुलीचा मात्र ब्रिटिश, त्यामुळे तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असूनही पहिल्या टप्प्यात तिला विमानात घेता येत नव्हते. आई-वडिलांनी यावे आणि तीन वर्षांच्या लेकराने मागे राहावे, असा त्या नियमाचा अर्थ होत होता. २२ मे रोजी अशा मुलांना सूट मिळाली, तेव्हा हे तिघे निघू शकले. ती आई रांगेत मुलीचे कार्ड हातात धरूनच उभी होती, पर्समध्ये ठेवायला तयार नव्हती.

विमानात मधल्या जागाही भरलेल्या होत्या. त्यावरून मुंबईतील एका वैमानिकाने न्यायालयात दाद मागितली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ जूनपर्यंत मधल्या जागा भरण्यास परवानगी दिली होती. जेवणाची पाकिटे आधीच आसनांवर ठेवलेली होती. कर्मचारी पांढऱ्या संरक्षक पोशाखात नखशिखांत झाकलेले होते, त्यांचे फक्त डोळे दिसत होते. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना शौचालयापर्यंत जाववत नव्हते. कर्मचाऱ्यांतल्या एका मुलीने त्यांना काखेत हात घालून उठवले, बाहेर थांबली आणि परत आणून बसवले. त्या दिवसांत लोक सख्ख्या माणसालाही हात लावायला घाबरत होते. पुढे ७ ऑगस्टला कोझिकोडला याच मोहिमेतले दुबईचे विमान धावपट्टीवरून घसरून दरीत कोसळले. त्यात २१ जण गेले. विमान चालवणारे कॅप्टन दीपक साठे आपल्या पवईचे होते. ती बातमी ऐकताना मला पांढऱ्या पोशाखातल्या त्या मुलीचे डोळे आठवले.

मुंबईला उतरल्यावर ताप तपासला, अर्ज भरून घेतले आणि बसने अंधेरीच्या एका हॉटेलात नेले. चौदा दिवसांचा नियम नुकताच बदलला होता. आता सात दिवस हॉटेलात स्वखर्चाने आणि सात दिवस घरी राहायचे होते. गोरेगाव तिथून रिक्षाने अर्ध्या तासावर, तरी जाता येत नव्हते. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले. खिडकी उघडता येत नव्हती. समोरच्या इमारतीवरचा पत्रा उडाला आणि गुलमोहराची फांदी मोडून रस्त्यावर पडली. विमानतळही काही तास बंद ठेवावा लागला, तेव्हा आज कोणाचे विमान यायचे होते, हाच विचार मनात आला.

सातव्या दिवशी घरी गेले. यांनी आतली खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती, ताट दाराशी ठेवून ते मागे सरत आणि मग आम्ही दाराच्या दोन बाजूंनी बोलत असू. हाउन्स्लोत नाव नोंदवलेल्यांचा आमचा व्हॉट्सअॅप गट होता, त्यात जळगावकडचा एक विद्यार्थी होता. त्याचे अर्धवेळ काम मार्चमध्येच सुटले होते आणि दुपारचे जेवण तो गुरुद्वाराच्या लंगरमधून आणत असे. घरी पोहोचल्याचा निरोप मी टाकला, तेव्हा त्याचे उत्तर आले की त्याचेही नाव यादीत लागले होते, पण पन्नास हजार रुपये जमले नाहीत आणि जागा दुसऱ्याला गेली.