चुरमुऱ्यानं दाखवला ड्रॅग

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, फ्लाय फिशिंगमधलं (पिसादोऱ्याचा नकली किडा, म्हणजे फ्लाय, टाकून मासे धरणं) मेंडिंग, म्हणजे पाण्यावर पडलेली लाईन उचलून वळवणं, जमलं; ड्रॅगचा, म्हणजे धारेनं लाईन ओढून फ्लाय फरपटण्याचा, विषय संपला. कसला संपतोय! त्यानंतर सलग तीन रविवार राशिवड्याच्या बंधाऱ्याखाली हात हलवत परत आलो. अळकूट वर येते, फ्लायला नाक लावते आणि वळते. गेल्या सप्टेंबरात हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ब्राऊन ट्राऊटनी हेच केलं होतं. तिथं निदान मासा तरी मानाचा होता. वीतभर अळकुटीनं नाकारलं की डोकं फिरतं.

भोगावती आता गढूळपणा टाकून हिरवट झालीय. बंधाऱ्याला अजून बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले नाहीत, त्यामुळं गाळ्यागाळ्यातून पाण्याच्या जिभा सुटतात आणि खांबांच्या मागं संथ पट्टे राहतात. मासे त्या दोन्हींच्या शिवणीवर. लाईन पडते जिभेवर, फ्लाय संथात. लाईनला पोट सुटलं की खेळ खलास. मेंड केला, रीच कास्ट (लाईन हवेत असतानाच रॉड धारेच्या वरच्या अंगाला झुकवायची फेक) केला, रॉड उंच धरून निम्मी लाईन पाण्याबाहेर ठेवली. फ्लाय मोकळी वाहताना दिसायची. दिसायची, एवढंच.

शेजारी आटा लावून चिलापी काढणारे मामा वैतागून म्हणाले, "पाव्हणं, पाण्याला चाबकानं का बडवायलायसा?"

मग दगडावर बसून भडंग काढली. थोडी सांडली. तेल-तिखटाचे चुरमुरे शिवणीवरून वाहत गेले आणि अळकुटींनी एकामागून एक तीन टिपले, जराही न बिचकता. मी मुद्दाम एक चुरमुरा फ्लायच्या अगदी शेजारी सोडायला लागलो. चौथ्या खेपेला जमलं. दोघं हातभर जोडीनं गेले, मग फ्लाय बोटभर मागं पडली, मग दोन बोटं. पाण्यावर रेघसुद्धा उठली नाही. एवढा बारका ड्रॅग नुसत्या डोळ्यानं मला जन्मात दिसला नसता.

दोष लाईनचा नव्हताच, टिपेटचा, म्हणजे फ्लाय बांधतात त्या शेवटच्या बारीक धाग्याचा होता. ४एक्स म्हणजे ०.१८ मिमी जाडी, १८ नंबरच्या बारक्या हुकाला ती तारच झाली. ६एक्स (०.१३ मिमी) चार फूट जोडलं, लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता धागा) नऊवरून बारा फुटांवर नेला. जागाही बदलली. माशांच्या वरच्या अंगाला उभा राहून खाली कास्ट. लाईन उंच थांबवायची आणि टोक झटकन खाली न्यायचं. टिपेट वेटोळी होऊन पडतं, आणि ती वेटोळी उलगडेपर्यंत फ्लाय कुणाची ताबेदार नाही. पहिल्याच नीट पडलेल्या कास्टला चुरमुरा आणि फ्लाय पुरुषभर अंतर जोडीनं गेले. फ्लाय नाहीशी झाली. आवाज थेंब पडल्याएवढा.

ओल्या हातात अळकूट धरली तरी अंगठ्याला दोन-तीन चंदेरी खवले चिकटलेच. पाठ काचेसारखी हिरवी. हुकाचा उलटा काटा आधीच दाबलेला, त्यामुळं लगेच सुटली. संध्याकाळपर्यंत अकरा अळकुटी आणि एक चिलापी. सगळे परत पाण्यात. घरी पितृपंधरवडा चालू आहे, नेले असते तरी शिजले नसते.

सामानाबद्दल दोन शब्द. ऑनलाईन मागवलेलं पहिलं ६एक्स गाठीतच तुटत होतं. रीळ बहुतेक दुकानाच्या काचेत उन्हात पडलेलं असणार, उन्हानं नायलॉन मरतं. म्हणून फ्लुरोकार्बन घ्या असं सांगणारे भेटतील. ड्राय फ्लायला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला नको, ते बुडतं. फ्लाय बांधायला गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं मात्र मी सोडली. दोन कास्टमध्ये पाणी पितात. बदकाच्या शेपटीबुडची मऊ पिसं बघतोय.

तीर्थनला ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं आहे. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राऊट बंद, तेव्हा पुढं ढकलता येत नाही. दोन आठवडे निंफचा (पाण्याखाली चालवायच्या फ्लायचा) सराव ठरवला होता, तो रद्द. आता फक्त वरून खाली, ढिली कास्ट. पण बंधाऱ्याकडेला बरगे रचून ठेवलेले दिसले. ते घातले की धार थांबणार आणि माझी शाळाही. म्हणजे फार तर दोन रविवार.

लिहिता लिहिता सुचलं, तीर्थनवर चुरमुरे कशाला? फेसाचा एखादा बुडबुडा हेरून फ्लाय त्याच्या शेजारी टाकायची आणि दोघांवर नजर ठेवायची. पुढच्या रविवारी भडंग फक्त खायला.

आणि मामांना आता चुरमुऱ्यासारखी पांढरी फ्लाय हवी आहे. फोमचा तुकडा चप्पल दुरुस्तीवाल्याकडं मिळतो का बघतो.