चौथा महिना: कमरेतला झोळ गेला

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ शहराच्या कॉवेल्स किनाऱ्यावर लाटांवर सर्फिंग शिकू लागल्याला चार महिने झाले. या महिन्याची नोंद मात्र वेटसूटविषयी, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या अंगाबरोबरच्या रबरी पोशाखाविषयी आहे, कारण पाण्यातला माझा वेळ चाळीस मिनिटांवरून दीड तासावर गेला तो केवळ सूट बदलल्यामुळे.

सांताक्रूझचे पाणी वसंतात सर्वांत गार असते. वायव्येचे वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि तळाचे थंड पाणी वर येते. माझ्या घड्याळात या रविवारी १२ अंश सेल्सियस दिसत होते. आतापर्यंत मी पुरुषांचा जुना ४/३ वापरत होते, म्हणजे धडाला ४ मिलिमीटर आणि हातापायांना ३ मिलिमीटर जाडीचा. वेटसूट अंग कोरडे ठेवत नाही. तो कातडीलगत पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो, तो थर अंगाच्या उबेने कोमट होतो आणि रबरातल्या वायूच्या बारीक, बंद बुडबुड्यांमुळे ती ऊब सहजासहजी बाहेर जात नाही. माझा सूट खांद्यांत ढगळ आणि नितंबांवर घट्ट होता, आणि पाठीवरची ताठ झिप कमरेच्या खळग्यात न वळता सरळ उभी राहत असल्यामुळे तिथे ओंजळभर पाणी मावेल एवढा झोळ पडे. प्रत्येक लाटेनंतर तिथले कोमट पाणी निघून जाई आणि नवे, बर्फासारखे पाणी येई. एका दुकानात मला ५/४ घेण्याचा सल्ला मिळाला, तो मला साफ चुकीचा वाटतो: जाड रबरालाही तोच झोळ पडला असता आणि फळीवर पालथे होऊन हातांनी वल्हवताना खांदे अधिक लवकर भरून आले असते.

ह्यू ब्रॅडनर या बर्कलीच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी वेटसूटची कल्पना मांडली ती पाण्याखाली काम करणाऱ्या नौसैनिकांसाठी. बाईच्या अंगासाठी तोच नमुना नुसता लहान करून भागत नाही, तो नव्याने बेतावा लागतो. माझ्या नव्या, आठ मापाच्या सुटात छातीखाली दोन वक्र तुकडे जोडले आहेत, अगदी कटोरी ब्लाउजला असतात तसे. पाठीचा तुकडा कमरेत निमुळता होऊन खाली रुंदावतो, आणि झिप छातीवर आडवी असल्याने पाठीचे रबर सलग ताणले जाते. शिवणी आधी चिकटवून मग अशा घातल्या आहेत की सुई रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच जाते, त्यामुळे आरपार भोक पडत नाही.

घेण्यापूर्वी मी घरी सूट घालून हात वर केले, उकिडवी बसले, मग उभी राहून कमरेच्या खळग्यावर तळहात दाबला. जुन्या सुटात तिथून हवा निघाल्याचा आवाज येई. यात आला नाही. मैत्रिणींनो, किंमत पाहण्याआधी एवढे जरूर करून पाहा.

एक त्रास उरला आहे. फळीवर तासभर पालथे राहिल्यावर छातीखालची शिवण घासते आणि कातडी लाल होते. पुढच्या महिन्यात आत पातळ रॅश व्हेस्ट, म्हणजे कातडी घासू नये म्हणून घालायची तंग बनियन, घालून पाहीन. तरीही घासली, तर ज्याची शिवण बगलेकडे सरकवली आहे असा सूट शोधावा लागेल.

घाईत सूट ओढताना त्याच्या उजव्या मांडीवर नखाने चंद्रकोरीसारखी चीर पडली. तिला काल रात्री निओप्रीनचा, म्हणजे सुटाच्या रबराचा, गोंद लावून सूट उलटा करून सावलीत टांगला आहे, रविवारपर्यंत वाळायला हवा.