कोणतं गाणं लावलं की वाडा आठवतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाशिकच्या तांबट लेनजवळचा आमचा वाडा पाडून तिथे इमारत झाली, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मग घर आठवायला कोणतं गाणं लावता?"

लावून नाही हो आठवत. आवडती गाणी मी इतकी ऐकली आहेत, भाजी निवडताना, रिक्षात, भाचीच्या लग्नात, की त्यांतून वाडा केव्हाच गळून गेला. एका खुंटीला दहा सदरे अडकवले की तळचा हाती लागत नाही. मानसशास्त्रवालेही हेच म्हणतात : एका खुणेला जितक्या जास्त आठवणी जोडलेल्या, तितकी त्यातली नेमकी एक वर येणं अवघड. नाशिक ढोलाचंही विचारतात लोक. त्याने माझ्या खिडकीची तावदानं थरथरतात, बाकी काही नाही.

मला वाडा भेटतो तो आकाशवाणीच्या संकेतधूनमध्ये. पहाटे केंद्र सुरू होताना वाजते ती, तंबोऱ्यावर व्हायोलिन. लग्नात ती कोणी वाजवत नाही, म्हणूनच शाबूत राहिली असावी. वॉल्टर काउफमान नावाच्या ज्यू संगीतकाराची ती रचना. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाडला जन्मलेला हा माणूस १९३४ साली मुंबईत आला आणि पुढे शिवरंजनी रागाच्या सुरांवर ही धून बांधली. घर सोडून आलेल्याने बांधलेली, हे मला फार उशिरा कळलं. आजीला तर कळायचं कारणच नव्हतं. तिच्या लेखी ती धून म्हणजे बंब पेटवायची वेळ.

आज पंचवटीतल्या एखाद्या टपरीवर ती कानावर पडली की आधी धूर येतो. गोवरीचा, डोळ्यांत जाणारा. मग चौकातली ओली फरशी, देवळीतला रेडिओ, त्यावर आजीनेच विणलेला क्रोशाचा रुमाल. बटण फिरवायचा अधिकार फक्त आजोबांचा. आम्ही हात लावला की ते नुसतं "हं!" म्हणायचे, तेवढं पुरे.

जरा उन्हं वर आली की गल्लीत तांब्याची भांडी मठारायला सुरुवात व्हायची. ठक्‌ठक्‌, ठक्‌ठक्‌. रेडिओवर कोणी कितीही हळवं भावगीत गावो, त्याला तांबटांच्या ठेक्यावर चालावंच लागे. आई पोळ्याही त्याच लयीत लाटायची. त्यातली काही गाणी हल्ली हेडफोन लावून ऐकली, आवाज अगदी स्वच्छ. पण मला ती अर्धवट वाटतात, कडव्यांमधल्या जागांत हातोडी नाही.

भाचा म्हणाला, "आत्या, ती धून रिंगटोनच ठेवून देतो ना." नको म्हटलं. महिन्याभरात ती वाजली की मला बँकेचं कर्जखातं आठवायला लागेल.