लंच टाइममध्ये बेलफास्ट

आज ऐरोलीच्या ऑफिसात लंचला आमचे एक सीनियर सर बसले होते, प्रोजेक्टसाठी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहून आलेत, आणि बोलता बोलता तिथल्या प्रोटेस्टंट वस्तीतल्या शँकिल रोडचा विषय निघाला. आपल्याकडे लोकांना आयआरए, म्हणजे ब्रिटनविरोधी आयरिश सशस्त्र संघटना, ठाऊक असते, त्यापलीकडे कोण बघतंय. पण 1998 ला तिथला गुड फ्रायडे शांतता करार झाला आणि 2000 च्या ऑगस्टमध्ये यूडीए आणि यूव्हीएफ या दोन सशस्त्र संघटना एकमेकांवरच उठल्या, दोन्ही प्रोटेस्टंट, दोन्ही ब्रिटनशी एकनिष्ठ, राहायला एकाच रस्त्यावर! ठिणगी कशाने पडली तर यूडीएच्या मिरवणुकीत यूव्हीएफवाल्यांच्या रेक्स बारसमोर एलव्हीएफचा झेंडा फडकवला म्हणून, आणि एलव्हीएफ म्हणजे यूव्हीएफमधूनच फुटलेला गट, म्हणजे भाऊबंदकीच की हो. 7 जण मेले, शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली, रात्रीत सामान टेम्पोत. खरं भांडण एरिया कोणाचा, ड्रग्जचा पैसा कोणाचा, हेच असावं असं मला वाटतं, झेंडा आपला निमित्ताला.

यूडीएचा शँकिलमधला म्होरक्या जॉनी अडेर तर नंतर स्वतःच्याच संघटनेतून हाकलला गेला, 2002 ला. मग फेब्रुवारी 2003 मध्ये यूडीएचाच एक मोठा नेता जॉन ग्रेग ग्लासगोहून फुटबॉल मॅच बघून परतताना बेलफास्टच्या बंदराजवळ गोळ्या घालून मारला, ठपका अडेरच्या गटावर, आणि चारपाच दिवसांत अडेरच्या माणसांना बायकापोरांसकट बोटीने स्कॉटलंडला पळायला लागलं.

माझी भाजी गार झाली ऐकता ऐकता. उद्या सरांना एलव्हीएफ काढणाऱ्या बिली राइटचं विचारणारे, कोणी येताय का?